पेशीचा डबा

दिल्लीच्या सरोजिनी नगरात, सरकारी क्वार्टरमध्ये एक मराठी कुटुंब राहत होतं. घरातली नात नववीत होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. शाळेत ती सगळ्या मुलांबरोबर शिकायची; परीक्षेत मात्र आकृतीच्या जागी तिला दुसरा प्रश्न मिळायचा. नियम तिच्या सोयीचाच होता. पण त्यामुळे वनस्पतीची पेशी तिला पाठ होती, ठाऊक नव्हती.

आजीचा हात शिवणकामात बसलेला. ती सरोजिनी मार्केटमध्ये गेली, लेस, सुतळी, मणी, बटणं, टिकल्या घेऊन आली. रात्री जागून तिने पुठ्ठ्यावर पुस्तकातली पेशी जशीच्या तशी उतरवली. हरितलवकांना हिरव्या टिकल्या, कडेला दुहेरी लेस. शेजारणी बघून गेल्या, वाहवा करून गेल्या.

नातीने बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"आजी, छान आहे गं. पण यात पेशी कुठे आहे? सगळीकडे नुसतं खरखरीत लागतंय."

आजी खट्टू झाली. दुसऱ्या दिवशी मात्र कात्री घेऊन नातीसमोर बसली. "तू सांग, मी काढते."

टिकल्या निघाल्या, लेस निघाली. "या दोन रेषा इतक्या जवळ नकोत, बोटाला एकच वाटते." मग पेशीभित्तिकेला जाड सुतळी आली, आतल्या पटलाला बारीक दोरा आणि दोन्हींमध्ये बोटाला कळेल एवढी जागा. केंद्रकाला एकच मोठं बटण. नावं नातीने स्वतः ब्रेलमध्ये टोचली आणि आकृतीच्या बाहेर चिकटवली. शेजारणींना आता त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही.

पुठ्ठा वर्गात गेला. नातीने विचारलं, "मॅडम, पेशी अशीच सपाट असते का?"

मॅडमनी वर्षानुवर्षं फळ्यावर पेशी काढली होती. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. डोळस मुलांपैकीही बऱ्याच जणांना ती कागदासारखीच वाटत होती.

"नाही," मॅडम म्हणाल्या, "तिला जाडी असते. डब्यासारखी."

मग आजीने मिठाईचा डबा घेतला. डब्याची भिंत ही पेशीभित्तिका. तिला आतून चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी हे पटल. मध्ये पाण्याने भरलेला फुगा ही रिक्तिका; तिने दाबून केंद्रकाचा चेंडू एका कडेला सरकवलेला. डबा बाकावर आला, तेव्हा सगळ्या वर्गाचे हात त्यात शिरले.

वडिलांना पुढची काळजी होती. दहावीनंतर विज्ञान कसं जमणार? मॅडमनी त्यांना कार्तिक साहनीची गोष्ट सांगितली. शेजारच्याच आर. के. पुरममधल्या शाळेतला हा अंध मुलगा. विज्ञान शाखा मिळावी म्हणून तो बोर्डाशी झगडला आणि २०१३ मध्ये बारावीला ९६ टक्के मिळवून स्टॅनफर्डला गेला. आयआयटी दिल्लीत स्पर्शचित्रांची पुस्तकं तयार होतात, हेही मॅडमनीच सांगितलं. त्यातली काही पुस्तकं पुढे शाळेत आली. तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर बसवून उठवलेल्या आकृत्या होत्या त्या. आजीने पानं चाचपली. तिथेही रेषा मोजक्याच, मध्ये जागा सोडलेली. तिथेही आकृत्या आधी अंध वाचकांच्या बोटांखालून जातात, असं कळल्यावर तिने मान डोलावली.

माया पहिल्या पुठ्ठ्यातही कमी नव्हती. पण तो आजीच्या डोळ्यांसाठी झाला होता. ज्याच्यासाठी करायचं त्याला विचारून केलं, तेव्हा ते त्याच्या उपयोगी पडलंच, आणि ज्यांना सगळं दिसत होतं त्यांनाही पेशीची जाडी कळली.

पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा मार्केटला निघाली. नातीने यादी सांगितली. आता हृदय करायचं होतं. "कप्पे चार हवेत. आणि आजी, झडपा उघडल्या-मिटल्या पाहिजेत. पण एकाच बाजूला हं!"