दुसऱ्याचा हात

मुलांच्या वह्या तपासण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले आहे, त्याला लाल शाईचे कौतुक कसले वाटणार? परंतु त्या शाईत एक प्रामाणिकपणा असतो, हे मला रविवारच्या तैलरंगाच्या वर्गाला जाऊ लागल्यावर प्रथम जाणवले. मी निबंधातले वाक्य सुधारतो तेव्हा मुलाचे निळे वाक्य खाली तसेच राहते आणि माझे लाल वाक्य वर. कोणाचे किती, हे वही उघडणाऱ्या कोणालाही दिसते. चित्राचे तसे नाही. गुरुजी विद्यार्थ्याच्या हातातून ब्रश घेतात, दोनचार फटकारे मारतात आणि ब्रश परत देतात. चित्र उजळते. त्यानंतर ते चित्र कोणाचे, हे सांगणारी खूण त्या कॅनव्हासवर कुठेही उरत नाही.

याला तैलरंगाचा स्वभावच कारण आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतला प्राणवायू घेत घेत ते सावकाश घट्ट होते. त्यामुळे रंगाचा थर दिवसचे दिवस ओला राहू शकतो, आणि माझ्या ओल्या रंगात गुरुजींचा ओला रंग शिरला की दोहोंचा मिळून एक तिसराच रंग होतो. तो पुन्हा वेगळा करता येत नाही. अ‍ॅक्रिलिक रंगातले पाणी थोड्या वेळात उडून जाते, म्हणून तिथे सुधारणा निदान वेगळ्या थरात पडते. पण तो थरही खालचे झाकूनच टाकतो. म्हणजे तैलरंगात विद्यार्थी विरघळतो आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये पुरला जातो, एवढाच काय तो फरक!

मग गुरूने हात लावूच नये काय? असे म्हणणारे लोक बहुधा स्वतः कधी ब्रश न धरलेले असतात. ब्रशवर रंग किती घ्यावा, तो कॅनव्हासवर दाबावा की नुसता टेकवून ओढावा, टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग आधी आणि तेलकट रंग नंतर का, या गोष्टी काही अंशी तोंडाने सांगता येतात. पण एका छटेची कड दुसऱ्या छटेत हरवायची कशी, हे ज्याला शब्दांनी समजावता येईल असा शिक्षक मी पाहिलेला नाही. ते ज्ञान मनगटात असते. ते पाहावेच लागते.

राजा रविवर्म्याची हकीगत इथे आठवते. त्रावणकोरच्या दरबारी चित्रकाराने, रामस्वामी नायकराने, त्याला तैलरंगाची विद्या देण्याचे नाकारले. पुढे 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम करताना पाहू दिले. त्या पाहण्यावर या तरुणाने आपली विद्या उभी केली. ही विद्या शिकताना त्याच्या कॅनव्हासवर गुरूचा हात फिरला नाही, हे खरे. परंतु त्यावरून नायकराला आदर्श गुरू ठरवणे म्हणजे कंजूषपणाला तत्त्वज्ञानाचा अंगरखा घालणे होय. विद्या न देणे आणि शिष्याच्या कामात हात न घालणे या दोन फार निराळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या टोकाला अँटवर्पचा रूबेन्स. त्याच्या चित्रशाळेत शिष्यांचे आणि सहकाऱ्यांचे हात सर्रास चालत. 1618 साली हेग येथील इंग्रज राजदूत सर डडली कार्लटन याच्याकडच्या प्राचीन संगमरवरी शिल्पांच्या बदल्यात आपली चित्रे देण्याचा सौदा त्याने मांडला आणि चित्रांची यादी पाठवली. कुठले चित्र सर्वस्वी आपल्या हातचे, कुठले सर्वोत्तम शिष्याने काढून आपण हात फिरवलेले, प्रॉमिथिअसच्या चित्रातला गरुड स्नायडर्सचा, हे सारे त्यात नोंदलेले आहे. एवढी सरळ यादी आपल्या शाळांतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनात कोणी लावील तर आईबापांची पंचाईतच व्हायची! मात्र त्याच यादीत एका अपुऱ्या चित्राविषयी रूबेन्स असेही सुचवतो की, शिष्याने सुरू केलेल्या या चित्रावर आपला हात सगळीकडे फिरला की ते अस्सल म्हणून चालून जाईल. थोरांचा प्रामाणिकपणाही कुठेतरी बाजाराला टेकलेला असतो.

पण रूबेन्सच्या प्रश्नात फसगत व्हायची ती गिऱ्हाइकाची. वर्गातला प्रश्न याहून अवघड आहे. तिथे गिऱ्हाईक नसते आणि कोणी कोणाला फसवू इच्छीत नाही.

आमच्या वर्गात एक निवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या आपल्या दिवंगत आईचे व्यक्तिचित्र करीत होत्या. जवळ एक लहानसा फोटो होता. नाक, कपाळ, पांढरे केस हे सारे जमले होते. पण म्हातारीचे दात गेल्यामुळे आत ओढला गेलेला डावा गाल काही केल्या बसत नव्हता. तीन रविवार तो गाल फुगीरच राहिला. चौथ्या रविवारी सरांनी ब्रश घेतला, यलो ऑकरमध्ये किंचित हिरवट करडा रंग मिसळला आणि गालफडाखालून एकच फटकारा हलकेच खाली ओढला. दोन मिनिटांचे काम. त्याच वेळी सिस्टरांचे धाकटे भाऊ त्यांना न्यायला आले होते. ते ईझलसमोर उभे राहिले आणि काही बोलेनात. मग डोळे पुसले.

सर दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळल्यावर सिस्टरांनी पॅलेट नाइफ घेऊन तो गाल खरवडला आणि फडक्याला पुसला.

सर दुखावले. त्यांचे दुखावणे मला अयोग्य वाटत नाही. त्या दोन मिनिटांमागे चाळीस वर्षे होती आणि ती चिंधीला पुसली गेली होती. पण भाऊ जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "ताई, तुला चित्र शिकायचंय, की आई हवीय?"

सिस्टर इतकेच म्हणाल्या, "तिचा चेहरा दोन वर्षं मीच पुसत होते रे. तो गाल मला ठाऊक आहे."

भावाचा प्रश्न सहज झटकून टाकण्याजोगा नाही. व्यक्तिचित्र हे काढणाऱ्याइतकेच, किंबहुना थोडे अधिक, ज्याचे असते त्याचे असते. त्या घरातल्या नातवंडांना आजी ठाऊक होणार ती याच चित्रातून. तिचा चेहरा खरा उतरावा हा तिचा हक्क, आणि तो कोणाच्या हाताने उतरला याच्याशी तिला काय कर्तव्य? स्वतःच्या हाताचा आग्रह धरून आईचा गाल खोटा ठेवणे, यात अहंकाराचा अंश नसतोच असे मी म्हणणार नाही. कोणी पैसे देऊन करून घेतलेले चित्र असते, तर सरांचा फटकारा पुसणे मी उद्धटपणाच म्हटले असते.

तरीही माझे मत सिस्टरांच्या बाजूने पडते. सरांनी काढलेला गाल फोटोवरून आला होता, चेहऱ्यांच्या दीर्घ अनुभवातून आला होता. तो कुठल्याही दात गेलेल्या वृद्धेला शोभला असता. सिस्टरांना जो गाल ठाऊक होता तो ओल्या फडक्याखालचा होता. तो त्यांच्या बोटांत होता आणि ब्रशपर्यंत पोचत नव्हता, एवढेच. ती वाट दुसऱ्याने चालून दिली की ती आपल्यापुरती बंद होते, कारण चित्र पुरे झालेले असते आणि पुरे झालेल्या चित्रावर कोण पुन्हा मेहनत घेतो? शिवाय आपल्याला किती येते हेच कळेनासे होते. शाळेत मी अशी मुले पाहतो. घरून लिहून आणलेल्या निबंधाला शाबासकी मिळालेला मुलगा परीक्षेत कोऱ्या कागदासमोर बसतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आळस नसतो, भय असते.

अलीकडे सर कॅनव्हासचे लहान तुकडे जवळ ठेवतात. दाखवायचे ते त्या तुकड्यावर, विद्यार्थ्याच्या चित्राशेजारी धरून, दाखवतात. मग ब्रश खाली ठेवून हात मागे बांधून उभे राहतात. हे त्यांना जड जाते, ते दिसते. काम पूर्वीपेक्षा फार हळू चालते. दोघेतिघे वर्ग सोडून गेले. वर्षाअखेर भिंतीवर लावण्याजोगे काही हाती येत नाही, ही त्यांची तक्रार, आणि ती खोटी नाही. सिस्टरांचा गाल आता फुगीर राहिलेला नाही, पण तो फार खोल गेला आहे. भाऊ म्हणतात, आई इतकी आजारी कधीच दिसत नव्हती. सिस्टर म्हणतात, शेवटच्या महिन्यात दिसत होती, तेव्हा तू पुण्याला होतास.