दूरच्या मित्रास हातची भेट

बुलढाणे जिल्ह्यातून दूर देशी गेलेल्या मित्रास टपालाने काय धाडावे? जुन्या लुगड्यांची गोधडी धाडण्यास पुष्कळांस लाज वाटते, म्हणून ते कर्ज काढून बाजारची वस्तू पाठवितात. हे आम्हांस योग्य वाटत नाही. कर्जाची भेट सावकाराची. टाक्याटाक्याने शिवलेली मात्र खरोखर आपली. शास्त्रात पाहा: हन्ना शिलो येथे राहणाऱ्या शमुवेलासाठी दरवर्षी लहानसा झगा करून नेत असे (१ शमुवेल २:१९). मूल दृष्टीआड वाढत होते. त्याची उंची तिला मनानेच मोजावी लागली असेल. अशी आठवण विकत मिळत नाही. तर गोधडी कापडात नीट शिवून धाडावी, आणि परतफेडीची वाट पाहू नये.