मांडलेला डाव आणि नवी आवृत्ती

1978 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमग्रंथात बळाविषयीचा एक तक्ता आहे. मानवी पुरुष योद्ध्याला बळाचा जो सर्वोच्च अंक लाभू शकतो, तो त्या तक्त्यानुसार मानवी स्त्री योद्ध्याला लाभत नाही. फासे कितीही अनुकूल पडोत, अठराच्या पुढील शंभर पायऱ्यांपैकी पन्नासाव्या पायरीवर तिची वाट अडवलेली आहे. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून ही मर्यादा काढून टाकण्यात आली. खेळाचे नियम आवृत्तीगणिक बदलावेत की नाही, हा वाद या खेळाच्या रसिकांत अनेक दशके चालू आहे. परंतु तो बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच घातला जातो. हा तक्ता समोर ठेवला म्हणजे तो नीतीचा प्रश्न होतो.

अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला मूळ खेळ 1974 साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या 1,000. टेबलाभोवती चारसहा जण बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र उभे केलेले असते. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर सूत्रधार. तो प्रसंग मांडतो, आपले पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतात, आणि यशापयश संदिग्ध असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. येथे कोणी कोणाला हरवीत नाही; एखादी कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. साहजिकच, नियमग्रंथाचे येथील स्थान एखाद्या भाषेच्या व्याकरणासारखे आहे. कथा खेळाडूंची असते. ती ज्या व्याकरणात घडते ते मात्र दुसऱ्या कोणी तरी छापलेले असते.

बुद्धिबळाला असा छापणारा धनी नव्हता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आणि उंटाला नवे सामर्थ्य मिळाले, ते खेळणाऱ्यांनी स्वीकारले म्हणून. हिंदुस्थानी पद्धतीत प्याद्याला पहिल्याच खेळीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. त्या पद्धतीत वाढलेला मीर सुलतान खान युरोपीय नियम मागाहून शिकला आणि 1929, 1932 व 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून गेला. दोन्ही पद्धती बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला मात्र आरंभापासून मालक आहे: प्रथम टीएसआर, आणि 1997 पासून विझर्ड्स ऑफ द कोस्ट. मालकाला नवी पुस्तके विकायची असतात. 2000, 2003, 2008, 2014, 2024 ही वर्षे पाहिली की प्रत्येक सुधारणेमागे गल्ल्याचा हिशेब असावा, असा संशय येतो. दरवर्षी ‘सुधारून वाढविलेल्या’ पाठ्यपुस्तकांचा अनुभव घेतलेल्या मराठी वाचकाला हा संशय समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु हेतू व्यापारी होता एवढ्यावरून बदल अयोग्य ठरत नाही. त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

अधिक गंभीर आक्षेप निराळाच आहे. या खेळात न पटलेला नियम प्रत्येक टेबलाला बदलता येतो. 1974 च्या पुस्तिकांनीच खेळणाऱ्यांना स्वतःच्या कल्पनेने पुढे जाण्यास सांगितले होते, आणि घरोघरचे नियम म्हणजे एक प्रकारचे कुलाचारच झाले. मग ग्रंथ कशाला बदलायचा? ज्याला तो तक्ता अन्यायाचा वाटतो त्याने तो वापरू नये.

हा युक्तिवाद उदार दिसतो. पण जी मुलगी त्या टेबलाशी प्रथमच येऊन बसते तिच्या जागेवरून पाहिले तर तो अपुरा पडतो. आपल्या योद्ध्याला पूर्ण बळ मिळावे यासाठी तिने सूत्रधाराकडे शब्द टाकायचा. तो सज्जन असला तर हो म्हणेल. दुसऱ्या घरी गेली तर तेथे पुन्हा विचारायचे. शेजारच्या मुलाला छापील ओळीमुळे जे आपसूक मिळते, ते तिला मेहेरबानी म्हणून मिळते. मेहेरबानी नाकारता येते. आणि नाकारली नाही तरी तिची आठवण करून देता येते. तो तक्ता वास्तवाला धरून होता, हे समर्थन तर विचारात घेण्याजोगेही नाही. ज्या ग्रंथात मांत्रिक बोटांतून अग्निगोल फेकतो, त्या ग्रंथाला वास्तवाची आठवण नेमकी स्त्रीच्या दंडापाशी व्हावी, हे चमत्कारिक आहे.

धर्मशास्त्राच्या परंपरेने या पेचावर एक तोडगा काढला होता. जुन्या स्मृतींनी मान्य केलेले नियोगासारखे आचार पुढे समाजाला नकोसे झाले, तेव्हा निबंधकारांनी मूळ वचने खोडली नाहीत. ती ‘कलिवर्ज्य’ ठरविली. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे. वचन ग्रंथात राहते, आचारातून जाते. आधीच्या पिढ्यांनी काय मानले होते ते झाकले जात नाही. मात्र यात एक धोका आहे. राहिलेले वचन कोणीही पुन्हा पुढे करू शकतो, आणि काय वर्ज्य आहे ते ठरविणारे पंडित मोजकेच असतात. नवी आवृत्ती काढून जुन्या प्रती कपाटात राहू देणे, हा त्या मानाने सरळ मार्ग होय.

अर्थात ग्रंथातून गाळलेली प्रत्येक गोष्ट न्यायासाठी गाळलेली नसते. 1980 च्या दशकात अमेरिकेतील काही धार्मिक गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. दुसऱ्या आवृत्तीने दैत्य आणि सैतान यांची रूढ नावे गाळली, पुढे त्यांना बनावट नावे दिली, आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावे निमूटपणे परतली. त्या बदलाची मागणी टेबलाशी बसणाऱ्यांची नव्हती. तेवढी एकच कसोटी पुरेशी मानता येत नाही, कारण त्या तक्त्यामुळे उठून गेलेली मुलगीही टेबलाशी उरलेली नव्हती. तरीही, जिला बसायचे आहे तिच्यासाठी जागा करणे आणि ज्याला कधीच बसायचे नाही त्याची समजूत घालणे, यांतला फरक ओळखता येतो. 2024 च्या ग्रंथांनी ‘वंश’ या अर्थाचा शब्द सोडून ‘प्रजाती’ हा शब्द घेतला, याची चर्चा फार झाली. त्याहून महत्त्वाचे हे की पात्राच्या गुणांतील वाढ आता जन्मावरून ठरत नाही, त्याने आधी काय केले त्यावरून ठरते. जन्मावरून गुण ठरविण्याचा इतिहास ज्या समाजाला आहे, तेथील वाचकाला यातला अर्थ शब्दबदलापेक्षा मोठा वाटेल.

2008 च्या चौथ्या आवृत्तीत प्रश्न न्यायाचा नव्हता, खेळाच्या घडणीचा होता. आणि ती घडण इतकी बदलली की अनेकांना आपला खेळ ओळखू येईना. 2000 साली दिलेल्या खुल्या परवान्यामुळे 2009 मध्ये पायझो या संस्थेला ‘पाथफाइंडर’ या नावाने जुनी पद्धत पुढे चालविता आली. जुने नियम छापत राहण्याचे बंधन कोणावरही घालता येत नाही. ते खेळू देण्याचे मात्र घालता येते. 2023 च्या जानेवारीत हाच परवाना मागे घेण्याचा बेत उघडकीस आला, तेव्हा खेळाडूंचा क्षोभ एवढा झाला की कंपनीने त्याच महिन्यात माघार घेऊन मूळ नियमांचा मोठा भाग कायमचा खुला केला.

पुढच्याच वर्षी प्रसंग आणखी सूक्ष्म झाला. अनेक खेळाडूंच्या पात्रांची टिपणे एव्हाना कागदावरून संगणकावर गेली होती. कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केले की तिच्या संगणकीय टिपणवहीत जुन्या मंत्रांच्या जागी नवे मंत्र येतील. म्हणजे दोन वर्षे चालत आलेल्या कथेतील मांत्रिक एका सकाळी उठून पाहणार, तो आपला मंत्र वेगळेच काही करतो आहे. सूत्रधाराला न विचारता, फासे न टाकता. काही दिवसांतच हा निर्णय फिरविण्यात आला. पण ती टिपणवही आजही कंपनीच्याच हाती आहे. 1978 चा तो तक्ता ज्यांच्या कपाटात आहे, त्यांच्याकडून तो मागायला कोणालाही येता येत नाही.