खोट्या साक्षीचे खरे बोल

‘द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री’ हे १९७६ साली अमेरिकेत निघालेले पुस्तक आमच्या काही वाचकांनी वाचले असेल. आईबाप गमावलेले पाच वर्षांचे पोर टेनेसीच्या डोंगरात चेरोकी वंशाच्या आजी-आजोबांपाशी वाढते. ससाणा थव्यातला मंद लावा तेवढा उचलतो, म्हणून लाव्यांची जात बळकट राहते. माणसानेही गरजेपुरतेच घ्यावे, हा आजोबांचा पहिला धडा. लेखक फॉरेस्ट कार्टर ह्याच्या बालपणाची खरी हकीकत म्हणून असंख्य वाचकांनी हे पुस्तक उराशी धरले. १९९१ मध्ये अमेरिकेतील पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने त्यास पुरस्कारही दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इतिहासकार डॅन कार्टर ह्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की, हा फॉरेस्ट म्हणजे अलाबामाचा एसा कार्टर होय. वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनचा हा पुढारी. १९६३ साली गव्हर्नर जॉर्ज वॉलेस ह्यांनी वर्णभेद सदैव राखण्याची ग्वाही ज्या भाषणात दिली, त्याच्या लेखनात ह्याचा हात होता. चेरोकी आजी-आजोबांनी त्याला वाढविले नव्हते. तो आईवडिलांच्या घरीच वाढला.

बोल खरे आणि बोलणारा खोटा, तर त्या बोलांचे काय करावे?

आम्हां धर्मगुरूंस एक तयार उत्तर सुचते. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील दोनातवादी म्हणत की, पतित धर्मगुरूच्या हातचा स्नानसंस्कार व्यर्थ होय. संत ऑगस्टीन ह्यांनी ते खोडून काढले. संस्कार देणारा ख्रिस्त आहे, हात कोणाचा हा प्रश्न गौण. ह्या शिकवणीवाचून आमच्यापैकी कोण वेदीपाशी उभे राहण्यास धजला असता? मग कार्टरलाही हाच न्याय का लावू नये?

तो लावता येत नाही, असे आमचे मत आहे. धर्मगुरू स्नानसंस्कार देतो तेव्हा तो स्वतःविषयी काहीच सांगत नसतो. साक्षीदाराचे तसे नाही. ‘मी तेथे होतो’ हाच त्याच्या साक्षीचा कणा. गरजेपुरते घ्यावे हे कोणीही म्हटले तरी खरेच. पण चेरोकी मूल कसे वाढते हे सांगण्याचा अधिकार त्या घरात वाढलेल्याचा. पुस्तकातले ‘चेरोकी’ शब्द आणि चालीरीती आपल्या नव्हेत, असे चेरोकींनीच म्हटले आहे. त्यांच्यात कूळ आईकडून चालते, आणि परंपरेने मुलांना वळण लावणारा तो मामा. १८२१ च्या सुमारास सिक्वोया ह्याने त्यांच्या भाषेस लिपी दिली. १८२८ पासून तिच्यात वृत्तपत्र निघू लागले. १८३८-३९ मध्ये सरकारने त्यांच्यातील सुमारे सोळा हजारांना पश्चिमेस हाकलले, त्यांत चार हजारांच्या आसपास मेले असा अंदाज आहे. बोलण्यासाठी ह्या लोकांना परक्या तोंडाची गरज नव्हती.

कोणी म्हणेल, हे पुस्तक हेच कार्टरचे प्रायश्चित्त. पापनिवेदन ऐकणाऱ्यास ठाऊक असते की नाव बदलणे वेगळे आणि मन बदलणे वेगळे. विचारणा झाली तेव्हा त्याने आपली ओळख नाकारली. १९७९ मध्ये तो वारला. त्याच्या अंतःकरणाचा निवाडा देवाकडे.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब हातांवर करडांची कातडी बांधून आंधळ्या इसहाकापुढे एसाव म्हणून उभा राहतो आणि आशीर्वाद मिळवतो. तो आशीर्वाद रद्द झाला नाही. त्या डोंगरातून वाचकाला जे मिळाले तेही कोणी हिरावून घेणार नाही. पण शास्त्र तेथे थांबत नाही. शिकारीहून परतलेल्या एसावाचा आक्रोशही ते नोंदवून ठेवते.

पुस्तकातले पोर पुढे अनाथाश्रमात जाते आणि तेथील धर्मोपदेशकाचा मार खाते. लेखक लबाड निघाला, तेव्हा हा प्रसंगही झटकून टाकावा असा मोह आमच्या मंडळींना होतो. परंतु मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळांत असा मार खरोखरच बसला. कॅनडातील अशा निम्म्याहून अधिक शाळा कॅथोलिक संस्थांनी चालविल्या होत्या. तेथील सत्यशोधन आयोगापुढे २०१५ पर्यंत सहा हजारांहून अधिक साक्षी झाल्या. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस मास्क्वासीस येथे गेले आणि त्या शाळांत शिकलेल्यांपुढे त्यांनी क्षमा मागितली. समोर बसलेल्यांत अनेक जण आता कोणाचे आजोबा, कोणाची आजी होते.