दगड आणि डोळे

भयंकर दृश्य पाहायला माणूस आतुर का होतो, हा प्रश्न निदान प्लेटोइतका जुना आहे. त्याच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिओन्शियस नावाच्या गृहस्थाला वधस्थानाजवळ पडलेली प्रेते दिसतात. पाहावेसे वाटते आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो आणि अखेर आपल्याच डोळ्यांना शिव्या देत धावत जाऊन पोटभर पाहून घेतो.

आपल्याकडे भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स यांना आठ रसांत स्थान दिले. अभिनवगुप्तांनी त्यामागचे मर्म उलगडले : रंगभूमीवरचे भय माझे नसते, शत्रूचे नसते, अमक्यातमक्याचेही नसते. ते सर्वसाधारण झालेले असते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो.

गाण्यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या चित्रफितींसाठी गाजलेला ख्रिस कनिंगहॅम हा इंग्रज दिग्दर्शक. त्याच्या ‘रबर जॉनी’ या लघुपटाची त्याच्या चाहत्यांनी आतुरतेने वाट पाहिली. 2005 साली तो आला. लांबी अवघी सहा मिनिटे. अंधाऱ्या तळघरात कोंडलेले एक विद्रूप पोर आणि त्याचा कुत्रा. असले काही पाहण्याची वाट पाहणे ही विकृतीच, असे आपण चटकन म्हणून टाकू. पण ते पोर म्हणजे सोंग घेतलेला खुद्द दिग्दर्शकच होता. पाहणाऱ्यांच्या हौसेपायी तिथे कुणाचे डोके फुटले नाही.

आता आपल्या अंगणात या. तिगावहून पांढुर्णा फार दूर नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुराकडची पोरे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मिरवतात तेव्हा, इकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर काहींचे जीवही गेले आहेत. आणि या दिवसाची वाट किती आधीपासून पाहिली जाते! पाहुण्यांना बोलावणी जातात, गच्च्या भरतात, मोबाईल सरसावतात.

गोटमारीचे समर्थक परंपरा सांगतात. दोन गावांच्या प्रेमिकांची दंतकथा सांगतात. त्यांचा भाव मी खोटा मानत नाही. दगड मारणारा निदान स्वतःचे कपाळ पणाला लावतो. माझा प्रश्न गच्चीवरच्यांना आहे, म्हणजे तुम्हाआम्हाला. आपण काय पणाला लावतो? प्रेक्षकच नसते, तर पात्रातले किती हात उचलले गेले असते? इथे भय सर्वसाधारण नसते. ते कुणाच्या तरी आईचे असते. त्याला रस म्हणणे म्हणजे भरतमुनींच्या नावाने आपली हौस भागवणे होय.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ 2014 साली चित्रपटगृहांत आला. त्यात डुकरे पकडणाऱ्या जब्याच्या घरच्यांची फजिती गाव खिदळत पाहतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट पडद्याबाहेर, आपल्याच दिशेने येतो. आपणही त्या बघ्यांत बसलो होतो, हे तेव्हा कळते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना मान खाली जाते. ज्या भयाने मान खाली जाते ते शिकवते. ज्याने नुसतीच टाळी वाजते ते फक्त चटक लावते.

तेव्हा मुलांना ‘भयंकर पाहू नका’ असे बजावून भागणार नाही, ती पाहणारच. त्यांना दोन प्रश्न शिकवावेत. माझ्या पाहण्याची किंमत कोण मोजतो? आणि पाहून झाल्यावर मी होतो तसाच उरलो का? पहिल्याचे उत्तर ‘दुसरा कोणी’ असे आले, तर गच्चीवरून खाली उतरावे. हिंदीत विचारा की मराठीत, उत्तर बदलत नाही. मात्र मुलांना हे विचारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी गच्ची सोडलेली असावी.