उपऱ्याचा वाटा

शास्त्रभाग : यहेज्केल ४७:२१-२३, उत्पत्ति २३



यहेज्केलाच्या पुस्तकाचे शेवटचे अध्याय मोजमापाने भरलेले आहेत. मंदिराची मोजणी, अंगणांची मोजणी, देशाच्या सीमा, वंशावंशाचे वाटे. पुष्कळ जण ही पाने भराभर उलटतात, आणि शब्बाथशाळेतही ती सहसा शिकविली जात नाहीत. परंतु सत्तेचाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस देव एक आज्ञा देतो, तिच्यावर आज आपण मनन करू. त्या आज्ञेचा आशय असा की, देश इस्राएलाच्या वंशांत वाटून घ्या. पण तुमच्यामध्ये येऊन राहिलेले जे उपरे आहेत, ज्यांना तुमच्यामध्ये मुलेबाळे झाली आहेत, त्यांनाही देशात जन्मलेल्यांसारखेच माना. उपरा ज्या वंशात राहत असेल त्याच वंशात त्याचे वतन काढून द्या.

ही आज्ञा प्रथम कोणासाठी आली? ज्यांनी स्वतःची घरे गमावली होती अशा माणसांसाठी. यहेज्केल हा बाबेलात धरून नेलेल्यांपैकी एक. हा दृष्टान्त बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षी झाला असे तो चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी सांगतो. पंचवीस वर्षे म्हणजे एक पिढी. परक्या मुलखात जन्मलेली मुले आता कर्तीसवरती झाली होती, आणि तरीही तेथे ती परकीच होती. ज्याला घर गमावल्याचे दुःख ठाऊक आहे, तो स्वतःला घर मिळाल्यावर दुसऱ्याला दाराबाहेर ठेवील काय? ठेवतो, बंधूंनो, मनुष्याचे मन असेच आहे. म्हणून तर देवाला आज्ञा द्यावी लागली.

आता आमच्या भागाकडे पाहू. कॅसलरॉक हे उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील, घाटमाथ्यावरचे, गोव्याच्या सीमेलगतचे रेल्वेचे गाव. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत येथे दोन राज्यसत्तांची सरहद्द होती. रेल्वेच्या आणि जकातीच्या कामासाठी निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे येथे आली. रेल्वेचे क्वार्टर चाकरी असेपर्यंत; चाकरी संपली की किल्ली परत करायची. मग म्हातारपणी माणसापुढे प्रश्न उभा राहतो, आता आपले गाव कोणते?

आणि गावाभोवती रान आहे. जोयडा तालुक्याच्या वाड्यावाड्यांतून कुणबी, सिद्दी आणि गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. सिद्दी बांधवांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांच्यापैकी पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले, आणि जे निसटले त्यांना ह्या रानाने आसरा दिला. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. गवळी धनगर आपली गुरे घेऊन महाराष्ट्राकडून इकडे आले. त्यांच्या घरात आजही मराठी ऐकू येते. कुणबी रानाच्या कडेने शेती करीत आले.

२००३ साली केंद्राने अनुसूचित जमातींच्या याद्या सुधारल्या. उत्तर कन्नडमधील सिद्दींचे नाव कर्नाटकाच्या यादीत आले. त्याच सुधारणेने गोव्याच्या यादीत कुणबी, गावडा आणि वेळीप ही नावे आली. जोयड्याच्या कुणब्यांचे नाव मात्र कर्नाटकाच्या यादीत आले नाही. गवळी धनगरांचेही आले नाही. म्हणजे घाटाखालचा कुणबी यादीत, आणि घाटावरचा कुणबी यादीबाहेर. नाव एकच, रान एकच. मध्ये फक्त राज्याची सीमा.

एका नावाने घराला काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फार पडतो. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. रानात राहणाऱ्यांवर पूर्वी झालेला अन्याय दूर करावा हा त्याचा हेतू. अनुसूचित जमातीचे रानात राहणारे कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमिनीवर राहत किंवा ती कसत असेल, तर चार हेक्टरपर्यंत त्याचा हक्क मान्य करावा असे त्यात ठरले. परंतु ज्याचे नाव यादीत नाही, त्याने त्या तारखेआधी तीन पिढ्या आपण वनात राहून वनाच्याच आधारावर जगलो हे सिद्ध करावयाचे; आणि पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. एकूण पंचाहत्तर वर्षांचा, म्हणजे १९३० सालापासूनचा पुरावा! ज्या कुटुंबात आजोबांनी शाळेची पायरीही पाहिली नाही, त्याने तो कोठून आणावा? दोन शेजारी, दोघांच्याही भिंती मातीच्या, दोघेही एकाच विहिरीचे पाणी पितात. पण एकाला घराच्या कागदासाठी एक वाट, आणि दुसऱ्याला तिच्याहून कितीतरी चढणीची.

यादी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना शतकानुशतके लुबाडले, त्यांना हात देण्यासाठी ती झाली, आणि सिद्दी बांधवाला त्याचा हक्क मिळाला तर आपण देवाची स्तुतीच करावी. कोणाचे नाव यादीत असावे हे ठरविणेही आमचे काम नाही. परंतु नावाची चौकट करताना कोणी ना कोणी बाहेर राहतो, हे मंडळीने विसरू नये. आपल्याला तर हे नवे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध बांधव आले. ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेर राहिला. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट घातली गेली नाही. चौकटीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कित्येक घरांना ठाऊक आहे.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. आपले लोक सातासमुद्रापलीकडे गेले तेथेही हाच प्रश्न त्यांच्या दाराशी आला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९१३ साली असा कायदा झाला की, ज्यांना नागरिक होण्याचा अधिकार नाही अशा परक्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. कायद्यात कोणत्याही जातीचे नाव नव्हते, पण रोख आशियातून आलेल्यांवर, विशेषतः जपानी शेतकऱ्यांवर होता. मग प्रश्न आला, हिंदुस्थानातून आलेले कोण? तिकडे शीख असो, मुसलमान असो, साऱ्यांना 'हिंदू' हेच नाव लावीत. भगतसिंग थिंद हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरीही १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. एका शब्दाच्या अर्थाने माणसांचे नागरिकत्व गेले, आणि त्याच्यामागोमाग जमिनीवरचा हक्कही धोक्यात आला.

वैष्णोदास बगाई आणि त्यांची पत्नी कला हे १९१५ साली मुलांना घेऊन तिकडे गेले. त्यांनी बर्कली शहरात घर घेतले. परंतु राहावयास गेले तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेले. त्या कुटुंबाला परत फिरावे लागले. पुढे वैष्णोदासांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले, आणि १९२८ साली खचलेल्या मनाने त्यांनी आपल्या जिवाचा अंत केला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित ह्यांच्यावरही हीच पाळी आली. पण ते न्यायालयात उभे राहिले. सरकारने स्वतः दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून आपण तेथे संसार मांडला, मालमत्ता केली, आता ते काढून घेणे न्यायाचे नव्हे, असे त्यांनी मांडले आणि १९२६ साली ते जिंकले. १९४६ साली हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले. १९५२ साली तो जमिनीचा कायदा कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. आणि ज्या बर्कलीने कलाबाईंना घरात पाऊल टाकू दिले नाही, त्याच शहराच्या परिषदेने २०२० साली एका रस्त्याला त्यांचे नाव देण्याचे ठरविले. चांगले झाले. परंतु रस्त्याच्या पाटीने ते कुलूप मागे जाऊन उघडत नाही. शेजाऱ्याचे दार तो जिवंत असतानाच उघडले पाहिजे.

आता उत्पत्तीचा तेविसावा अध्याय पाहा. साऱ्या कनान देशाचे वचन ज्याला मिळाले होते, त्या अब्राहामाजवळ साराला पुरण्यापुरतीही जमीन नव्हती. तो हित्ती लोकांपुढे उभा राहून मी तुमच्यामध्ये परका व उपरी आहे असे स्वतःच कबूल करतो. त्याने आपले नाव लपविले नाही, की आपण हित्ती आहोत असे भासविले नाही. एफ्रोनाने जमीन फुकट देऊ केली. अब्राहामाने ती घेतली नाही. वेशीपाशी, सर्वांच्या देखत, चारशे शेकेल रुपे तोलून दिले. शेत, त्यातली गुहा, सीमेच्या आतली झाडे, सारे काही नोंदलेले आहे; जणू खरेदीखतच! मेहेरबानीने मिळालेली जागा उद्या मेहेरबानी सरली की जाते. साक्षीदारांसमोर झालेला हक्क मुलांना मिळतो. आणि अब्राहामाची त्या देशातली पहिली मालकीची जागा कोणती? एक कबर. वनहक्काच्या नियमांतही जुन्या वस्तीच्या पुराव्यांमध्ये विहिरी, पवित्र स्थळे आणि दफनभूमी ह्यांचा उल्लेख आहे. माणूस आपल्या मेलेल्यांना जेथे ठेवतो, तेथलाच तो असतो.

मग आपण काय करावे? तीन गोष्टी आम्ही मांडतो.

पहिली, मंडळीच्या जुन्या नोंदवह्या जपाव्या. बाप्तिस्मा, विवाह, दफन ह्यांच्या नोंदींत माणसाचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव असते. पिढ्यांचा वृत्तान्त मांडणाऱ्या गरिबाला अशी एक ओळ मोलाची ठरू शकते. कायद्याला एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही त्यांत चालते. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. तो नाकारला गेल्यास साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. आणि मिळालेला हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. आपल्यात जे शिकलेले आहेत त्यांनी एक संध्याकाळ काढून शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. तो आपल्या मंडळीचा आहे काय, हे विचारू नये. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचे कूळ विचारले नव्हते.

दुसरी, आपल्या हाती घर असेल तर ते भाड्याने देताना वा विकताना आडनावावरून माणूस तोलू नये. शहरात गेलेल्या आपल्या मुलांना खोली शोधताना आधी आडनाव आणि मग धर्म विचारला जातो, तेव्हा आपल्याला वाईट वाटते. तेच आपण आपल्या ओसरीवर बसून दुसऱ्याला विचारीत असू, तर आपली तक्रार देवापुढे टिकेल काय?

तिसरी गोष्ट शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. मुलांना त्यांच्या आजोबा-पणजोबांचे गाव घरी विचारून यावयास सांगा, आणि पुढच्या रविवारी ती गावे फळ्यावर लिहा. बहुधा प्रत्येक घरात कोणी तरी कोठून तरी आलेला निघेल. मग यहेज्केलाचा हा भाग वाचा. मुलांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

कोणी म्हणेल, आपले घर स्वर्गात आहे, पृथ्वीवरच्या जमिनीची एवढी चिंता कशाला? खरे आहे, इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे अब्राहाम तंबूत राहून देवाने बांधलेल्या नगराची वाट पाहत होता. परंतु त्याच अब्राहामाने मकपेलाची किंमत मोजली. स्वर्गातील घराचे वचन आपल्याला स्वतःच्या घराचा गर्व सोडण्यासाठी दिले आहे, शेजाऱ्याच्या बेघरपणाकडे डोळेझाक करण्यासाठी नव्हे. जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळचे उपरे आहात, अशा अर्थाचे देवाचे बोलणे लेवीय २५:२३ मध्ये आहे. सातबारावर नाव कोणाचेही असो, देवापुढे आपण सारे त्याने ठेवून घेतलेले पाहुणे.

आणि हेही ध्यानात ठेवावे, की यहेज्केलाच्या वाटणीत उपऱ्याला नाव बदलावयास सांगितलेले नाही. तो उपराच म्हटला गेला, आणि तरीही त्याला वाटा मिळाला. तो ज्यांच्यामध्ये राहत होता त्यांच्यातच त्याचा वाटा निघाला. तुझे कूळ कोणते, हा देवाचा पहिला प्रश्न नव्हता. तू कोणाच्या शेजारी राहतोस, हा होता. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आपल्याविषयी हेच सांगतो : जे परके होते ते ख्रिस्ताच्या ठायी देवाच्या घरचे झाले. ज्यांना असे घर मिळाले, त्यांनी दुसऱ्याच्या घराचा कागद आपलाच समजून त्याच्यासाठी धडपडावे.

प्रार्थना : हे देवबापा, तू आम्हां परक्यांना तुझ्या घरात घेतलेस. आमच्या रानातल्या, गावातल्या आणि परदेशातल्या प्रत्येक कुटुंबाला निर्भयपणे झोपता येईल असे छप्पर दे, आणि ते मिळवून देण्यात आमच्या हातांचा उपयोग कर. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.