अनुग्रह की कमाई?

माझे पणजोबा अबकारी खात्यात कारकून होते. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणत. "आण्णांची पेन्शन आली की घरात तांदूळ यायचा," असं आजी सांगायची, आणि त्याच दमात पुढे म्हणायची, "पण पैसा मोहाच्या झाडाखालचा हो."

इंग्रज सरकारच्या १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं आली. या फुलांची घरी गाळलेली दारू बंद पडली की ठेक्याची खपणार, आणि तिजोरीत महसूल येणार. पण कातकऱ्या-वारल्यांना ही फुलं उपासमारीच्या दिवसांत पोटालाही लागत. फुलं बाळगणाऱ्यांवर खटले भरले जात, आणि भिवंडी तालुक्यातल्या अशा खटल्यांचे कागद आण्णा लिहीत. अक्षर देखणं होतं म्हणे. नोकरी पुरी करून निम्म्या पगाराची पेन्शन घेऊन ते घरी बसले.

ती पेन्शन खाणाऱ्या घरात मी वाढलो, आणि पुढे नोकरीही सरकारी उपकोषागारात केली, म्हणजे दुसऱ्यांच्या पेन्शनी तपासण्याची. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांवरचे थरथरते अंगठे पाहताना आजीचं वाक्य आठवायचं. केलेल्या कर्माचं फळ असं महिन्याच्या महिन्याला मिळतं, तर त्या कर्मातला दोषही त्यातून उतरतो की नाही?

आण्णांच्या सरकारने या प्रश्नातून त्यांची सुटका केली होती. १८७१ च्या पेन्शन कायद्याप्रमाणे पेन्शनीसाठी दावा लावायचा तर कलेक्टरचा दाखला लागे, एरवी दिवाणी कोर्टाचं दार बंद. सावकाराची जप्ती तिच्यावर येत नसे, ही सोय मात्र होती. वर नियमांत अट अशी की निवृत्तीनंतरही वर्तन चांगलं हवं, नाहीतर पेन्शन थांबवता येईल. थोडक्यात, सरकारच्या लेखी ती मेहेरबानी. १९३० साली मिठाच्या आणि जंगलाच्या सत्याग्रहाने कोकण ढवळून निघालं, तेव्हा आण्णा ओसरीवर पोथी वाचत बसले होते. घाबरट होते असं मला वाटत नाही. ज्याची कृपा खायची त्याच्याविरुद्ध उठायचं नाही, हा त्यांचा धर्मच होता. देवाच्या कृपेला अशी सद्वर्तनाची अट कुणी संत घालत नाही. ती कलेक्टरच घालू जाणे.

आता या कृपेचा पैसा यायचा कुठून? आयसीएस साहेबाला हुद्दा कोणताही असो, निवृत्तीनंतर वर्षाला १००० पौंड मिळत, आणि तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. दादाभाई नौरोजींनी विलायतेत जाणाऱ्या या पेन्शनी देशाच्या लुटीत धरल्या. जोतिराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अंमलदारांचे पगार आणि पेन्शनी शेतकऱ्याच्या घामातून निघतात हे दाखवलं. साहेबाची मेहेरबानी खरी, पण खिसा कातकऱ्याचा!

१७ डिसेंबर १९८२ ला पेन्शनरांच्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेहेरबानीची ही समजूत मोडीत काढली. पेन्शन ही भीक नव्हे, केलेल्या सेवेची कमाई आहे. आम्ही पेन्शनर तो दिवस अजून साजरा करतो, पेढेही वाटतो. मीही वाटले आहेत. पण पेढा खाताना एक गोष्ट कुणी बोलत नाही. कृपा होती तोवर आण्णांना म्हणता येत होतं, "मी हुकमाचा ताबेदार, पापपुण्य सरकारचं." एकदा कमाई म्हटली की ते खटलेही त्यांच्या नावावर आले. रक्कम आपली आणि करणी मालकाची, असा हिशेब कोणत्याही कोषागारात जुळणार नाही.

हे मी एका कीर्तनकारबुवांपुढे मांडलं. ते म्हणाले, "फळ ईश्वराला अर्पण करा, बाधत नाही." मला हे पटत नाही. गीता फळाची आस सोडायला सांगते, पण म्हणून कोणतंही कर्म चालेल असं ती म्हणत नाही. आणि पोटात गेलेला तांदूळ अर्पण कसा करायचा? त्यावर तर आम्ही तीन पिढ्या शिकलो.

माझ्या घरामागे यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथले एक चाचा तरुणपणी उत्तर प्रदेशातून आले, भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवले, खर्चीच्या उचलीवर आठवडे काढले, विणलेल्या मीटरवर पगार घेतला. आता कानांनी नीट ऐकू येत नाही. लूम सुटला तशी कमाईही संपली. त्यांनी कुणावर खटला लिहिला नाही, कुणाच्या टोपलीतली फुलं जप्त केली नाहीत. त्यांनी विणलेलं कापड लोकांच्या अंगावर आहे. पहिल्या तारखेला मी बँकेतून परततो तेव्हा ते ओट्यावरून विचारतात, "आली का पेन्शन, भाऊ?" विचारण्यात हेवा नसतो. मी "हो" म्हणतो. कमाईचा न्याय खरोखर कर्मावर चालत असता, तर आमच्या दोघांत बँकेत कुणी जायला हवं होतं, हे मला ठाऊक आहे. आणि पुढच्या महिन्यातही मीच जाणार आहे.